मागच्या पायाची टाच

वुशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलेच्या, एका स्पर्धेचं चित्रण, आवाज बंद करून पाहिलेलं. समालोचन बंद असलं की पाय नीट दिसतात. 14 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद गालिचा, त्यावर रेशमी पोशाखातला अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा, हातात शस्त्र नाही. चार पावलं धावून तो उडाला, हवेत दीड गिरकी घेतली, उजव्या पायाचा तळवा डाव्या पंजावर फाडकन आपटला आणि खाली येताना दोन्ही पाय एकदम टेकवून घोड्यावर मांड ठोकावी तसा बसला. मांड्या आडव्या, पाठ सरळ, नजर समोर. अंगावरचं रेशीम तेवढं क्षणभर हलत राहिलं. ज्या उडीत घोटे मुरगळतात आणि गुडघे कायमचे जातात, ती त्याने पाणी प्यावं तशी सहज मारली. आणि पुढच्याच क्षणी, पहिल्या महिन्यात शिकवतात ती साधी गोष्ट करताना, म्हणजे पुढचा पाय वाकवून, मागचा ताणून सरळ ठोसा मारताना, त्याच्या मागच्या पायाची टाच जमिनीपासून दोन बोटं वर आली. लगेच खाली गेलीही. नियमाप्रमाणे 0.1 गुण गेला.

त्याच स्पर्धेचा दुसरा भाग सांदाचा होता, म्हणजे खऱ्या मारामारीचा. उंच चौथऱ्यावर दोन मुली, डोक्याला टोप, छातीला कवच, हातात मोजे. लाल कवचातली मुलगी पूर्ण दोन मिनिटं चवड्यावर नाचत होती. तिच्या मागच्या पायाची टाच जमिनीला लागली ती फक्त प्रतिस्पर्ध्याची लाथ हातात पकडून तिला आडवं करताना, तेवढ्यापुरती. ती जिंकली. खेळाचं नाव दोन्हीकडे वुशूच, संघटना एकच, गळ्यात पडणारं पदकही एकच. एकाची टाच उठली म्हणून गुण गेला, दुसरीची टाच टेकलेली राहिली असती तर सामना गेला असता.

मग बरोबर टाच कोणाची?

त्या मुलाच्या पवित्र्याला चिनी भाषेत गोंगबू म्हणतात. गोंग म्हणजे धनुष्य. पुढचा वाकलेला पाय धनुष्याच्या कमानीसारखा, मागचा ताठ पाय बाणासारखा. छांगच्युआन या उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या शैलीत दोन पावलांमधलं अंतर स्वतःच्या पावलाच्या चार ते पाच पट असतं. पुढची मांडी जवळजवळ आडवी, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, मागचा गुडघा ताठ, मागच्या पावलाची बोटं साधारण 45 अंशांत पुढे वळलेली आणि तळवा पूर्ण टेकलेला. वाचायला सोपं आहे. उभं राहून पाहिलं की टाच कुठे उठते ते कळतं. बहुतेकांच्या मागच्या पावलाची बोटं बाहेर, आडवी पडतात; मग खुबा उघडा राहतो, आणि ठोसा मारायला कंबर वळवली की खुब्याला जायला जागा नसते, तेव्हा शरीर टाच उचलून जागा करून घेतं. काहींची पोटरी आणि जांघेचा पुढचा स्नायू इतका आखडलेला असतो की अंतर वाढवलं की टाच उठणारच. काही जण ठोशाबरोबर छाती पुढे झोकतात. वजन पुढच्या पायावर सांडतं आणि मागचा पाय नुसता खुंटीसारखा उरतो. चिनी शिक्षक या चुकीला टाच उपटणं म्हणतात. मुळासकट रोप उपटावं तसं.

चूक शोधायची एक साधी रीत आहे. मागच्या टाचेखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा, दुसऱ्या माणसाने त्याचं टोक धरायचं आणि ठोसा मारताना हलकेच ओढायचं. कागद सरकला तर टाच उठली. दुरुस्ती मात्र टाचेत नसते. बोटं आत वळवायची, गुडघ्याची मागची बाजू मागे ढकलायची, अंतर अर्ध्या पावलाने कमी करायचं आणि कंबर वळल्यावर मगच मूठ सोडायची. टाच दाबून ठेवण्याचा जितका प्रयत्न करावा तितका गुडघा पिळला जातो, आणि हे महिना-दोन महिन्यांनी दुखायला लागल्यावर समजतं.

नवशिक्यांना जो पहिला छोटा संच शिकवतात, वूबूच्युआन, म्हणजे पाच पवित्र्यांची मूठ (मूठ म्हणजे इथे बिनशस्त्र लढण्याची रीत), त्यात टाचेची सगळी बाराखडी आहे. पाय जुळवून, मुठी कमरेला लावून सुरुवात. डावीकडे पाऊल टाकून डाव्या हाताने झाडल्यासारखं करायचं आणि गोंगबूत उजवा ठोसा. तिथेच उभं राहून उजवी लाथ पुढे झटकायची, त्याच वेळी डावा ठोसा. लाथ उंच मारण्याच्या नादात टेकलेल्या पायाची टाच उठते, ती उठू द्यायची नाही. लाथेचा पाय खाली ठेवत अंग वळवून मा-बू, म्हणजे घोडा: अंतर तीन पावलांचं, बोटं सरळ पुढे, डावा हात डोक्यावर आडवा, उजवा ठोसा बाजूला. मग डावा पाय उजव्याच्या मागून तिरका नेऊन दोन्ही पाय एकमेकांत अडकवून खाली बसायचं, हा शिएबू. इथे मागची टाच वरच असते आणि बसणं जवळजवळ तिच्यावरच असतं. मग उठून गुडघा वर, आणि तो पाय जमिनीलगत लांब पसरत दुसऱ्या पायावर पूर्ण उकिडवं बसायचं, पू-बू. हाताचा पंजा पसरलेल्या पायावरून सापासारखा सरकतो. इथे दोन्ही तळवे पूर्ण टेकलेले हवेत. शेवटी शूबू, रिकामा पवित्रा: सगळं वजन मागच्या पायावर, पुढच्याचा नुसता चवडा टेकलेला, टाच वर. पुन्हा पाय जुळवायचे आणि हेच उलट्या बाजूने. एका बाजूला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. पू-बूमध्ये खुर्चीची सवय लागलेल्या माणसाची वाकलेल्या पायाची टाच हटकून उठते. आपल्याकडे जे अजून उकिडवं बसून भांडी घासतात, शेंगा फोडतात, त्यांना हा पवित्रा पहिल्या दिवशी जमतो. त्यांच्यापुढे जिममध्ये कमावलेल्या मांड्यांना घाम फुटतो.

म्हणजे टाच कुठे वर, कुठे खाली हे त्या पवित्र्याच्या कामावर ठरतं. तर मग ठोशाच्या वेळी ती खालीच का, हा प्रश्न राहतो. नेहमीचं उत्तर असं की जोर जमिनीतून येतो. ताईचीच्या, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेच्या, जुन्या सूत्रांत आहे: मूळ पायांत, उसळी मांडीत, लगाम कमरेत, आकार बोटांत. हे खरं आहे, पण मुष्टियोद्धाही जोर जमिनीतूनच घेतो आणि टाच फिरवून, उचलून घेतो. नुसत्या जोरासाठी टाच टेकलेली लागत नाही.

माझं उत्तर भाल्याकडे जातं. चिनी युद्धकलेत भाल्याला शस्त्रांचा राजा म्हणतात आणि कित्येक मुठीच्या शैली आपलं मूळ भाल्यात सांगतात. शिंगयी या शैलीचे लोक तर उघडच सांगतात की भाला हातातून काढला की आमची मूठ उरते. भाल्याच्या मूळ क्रिया तीन: लान, ना, जा. टोकाने बाहेरच्या बाजूला अर्धगोल काढून समोरचं शस्त्र बाजूला सारायचं, आतल्या बाजूला अर्धगोल काढून दाबायचं, आणि सरळ घुसवायचं. मागचा हात दांड्याचं बूड कमरेला घट्ट धरून असतो, पुढचा हात सैल नळीसारखा. घुसवताना मागचा हात पुढच्या हातापर्यंत धावत येतो आणि त्याच वेळी मागचा गुडघा ताठ होतो. आता त्या टोकाला समोरून काहीतरी लागलं, ढाल, चिलखत, माणूस, की सगळा धक्का दांड्यातून उलटा येतो, कमरेत आणि मागच्या पायात. तिथे टाच वर असेल तर माणूस मागे फेकला जातो. ठोशाला असा उलटा धक्का फारसा नसतो. हात हलका, मूठ लहान, लागल्या लागल्या मागे घेता येते. गोंगबूतल्या ठोशाचा मागचा हात कमरेला चिकटलेला का असतो, अंग तिरकं का, मागचा पाय इतका लांब का, हे भाला मनात धरून पाहिलं की कोडं सुटल्यासारखं वाटतं. शस्त्र गेलं आणि त्याची टाच मागे राहिली.

यात आणखी एक पदर आहे. चीनच्या मिंग राजवटीच्या काळातला सेनापती छी जिगुआंग किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढत होता, खाणकामगार आणि शेतकरी भरती करून त्यांना शिकवत होता. 1560 च्या सुमारास त्याने लिहिलेल्या कवायतीच्या ग्रंथात मुठीच्या 32 पवित्र्यांचं एक प्रकरण आहे, चित्रांसकट. आणि सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की मोठ्या लढाईत या मुठींचा तसा उपयोग नाही, पण हातपाय मोकळे होतात, अंगाला कष्टाची सवय लागते, म्हणून नवख्याने इथून सुरुवात करावी. दिसायला सुंदर आणि लढायला निरुपयोगी अशा हालचालींना तो फुलांच्या रीती म्हणतो आणि सैनिकांना त्यांपासून लांब ठेवतो. आज इंटरनेटवर रोज जो वाद रंगतो, की हे सगळं नाच आहे, खरी मारामारी नाही, तो साडेचारशे वर्षांपूर्वीही होता आणि तेव्हा तो घालणारा माणूस प्रत्यक्ष लढणारा होता. गंमत अशी की त्याने निवडलेल्या 32 पवित्र्यांतली बरीच नावं पुढे हनान प्रांतातल्या छेन गावच्या ताईचीत दिसतात. चाच्यांशी लढायला जी मूठ पुरेशी नाही असं सेनापती म्हणाला, तीच बागेत पहाटे म्हातारी माणसं करतात, आणि 2020 मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीचा वारसा म्हणून यादीत घातलं.

(बोधिधर्माचं इथे येणं टळत नाही, कारण कुंग फू म्हटलं की आपल्याकडे पहिला निरोप तोच येतो: दक्षिण भारतातल्या राजपुत्राने चिन्यांना लढायला शिकवलं. शाओलिन मठातला 728 चा शिलालेख 13 भिक्षूंच्या कामगिरीबद्दल आहे. त्यांनी 621 मध्ये पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनला मदत केली होती. त्यात बोधिधर्माने मूठ शिकवल्याचं नाव नाही. त्याच्या नावावर खपवलेलं व्यायामाचं पुस्तक सतराव्या शतकातलं आहे. शाओलिनची ख्याती मिंग काळात होती ती लाठीसाठी. अभिमान बाळगायचाच तर मठाचा पहिला महंत बुद्धभद्र भारतीय होता असं परंपरा सांगते, तेवढ्यावर भागवता येतं.)

ताईचीतली टाच वेगळ्या कारणाने खाली असते. 1956 मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीतली पुनरावृत्ती गाळून 24 हालचालींचा छोटा संच बांधला, चार ते सहा मिनिटांचा, कोणालाही शिकता येईल असा. त्यातला गोंगबू उंच आणि आखूड असतो. पहिला घोटाळा रुंदीचा. लोक दोन्ही टाचा एका रेषेत ठेवतात, तारेवर चालल्यासारख्या, आणि डुगडुगतात. दोन टाचांच्या रेषांमध्ये आडवं अंतर 10 ते 30 सेंटीमीटर हवं. दुसरा घोटाळा जास्त महागाचा. पुढचं पाऊल टाकण्याआधी पुढच्या पायाची बोटं बाहेर वळवायची असतात. बरेच जण वजन त्या पायावर तसंच ठेवून पाऊल फिरवतात. पाऊल वळतं, मांडी मागे राहते, आणि मधल्या गुडघ्याची पिळवणूक होते. आधी वजन मागे घ्यायचं, हलकं झालेलं पाऊल टाचेवर फिरवायचं, मग वजन पुढे. हे एवढं न सांगता शिकवल्यामुळे आरोग्यासाठी सुरू केलेली ताईची कित्येकांनी गुडघ्यासाठी सोडली असेल. टाचेचा खरा उपयोग जोडीने ढकलण्याच्या सरावात कळतो, त्याला तुईशोऊ म्हणतात. मनगटाला मनगट लावून दोघं समोरासमोर, पाय एकाच जागी. ज्याचं पाऊल हललं तो हरला. समोरच्याने छातीवर हलकेच दाब आणला आणि मागची टाच वर असेल तर तोल तिथेच जातो. टाच खाली असेल तर दाब पाठीतून, खुब्यातून खाली उतरतो आणि समोरच्याला भिंत ढकलल्यासारखं वाटतं. यात गूढ काही नाही. शिडी भिंतीला टेकवताना तिचा खालचा पाय घसरू नये म्हणून आपण जे करतो तेच. फक्त समोरचा नियम न पाळता बाजूने ठोसा मारणार असेल तर ही शिडी उपयोगाची नाही.

ते लोकांना कळलं नव्हतं असंही नाही. 1928 मध्ये नानजिंगला केंद्रीय गुओशू संस्था निघाली. गुओशू म्हणजे राष्ट्रीय कला. संस्थेचे आधी शाओलिन आणि वुदांग असे दोन विभाग केले, म्हणजे बाहेरच्या जोराचे आणि आतल्या जोराचे. ते आपसात इतके भांडले की विभागच मोडावे लागले. त्याच वर्षी राष्ट्रीय परीक्षा झाली, त्यात प्रत्यक्ष लढतीही होत्या. वजनगट नाहीत, संरक्षक साधनं धड नाहीत, दुखापती भरपूर. पुढच्या वर्षी हांगचौला लेइताईवर, म्हणजे चौथऱ्यावर, मोठी स्पर्धा झाली. 1954 मध्ये मकावला वू शैलीच्या ताईचीचे वू गोंगयी आणि श्वेत बगळा शैलीचे चेन केफू हजारो लोकांसमोर भिडले; हाँगकाँगच्या शेक किप मेई वस्तीला लागलेल्या आगीतल्या बेघरांसाठी निधी गोळा करायचा होता. एक पन्नाशी ओलांडलेला, दुसरा बराच तरुण. चित्रफीत आहे. बगळ्याचे पसरलेले पंख दिसत नाहीत, ताईचीचे गोल दिसत नाहीत. दोन माणसं हात फिरवत, धसमुसळत एकमेकांना मारतात, एकाच्या नाकातून रक्त येतं. दुसऱ्या फेरीतच लढत थांबवली आणि निकाल दिला: कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही, बरोबरीही नाही. असा निकाल देणाऱ्या पंचांच्या समजुतीला दाद द्यावी लागते. तीन दिवसांनी हाँगकाँगच्या एका वर्तमानपत्रात तलवारबाजांची कादंबरी क्रमशः सुरू झाली आणि बगळ्याचे पंख पुन्हा पसरले, कागदावर. आजच्या वाचकाला कुंग फू म्हणून जे माहीत आहे त्यातलं निम्मं त्या कागदावरून आलेलं आहे.

त्या चित्रफितीतल्या दोघांच्या टाचा पाहिल्या. सारख्या उठतात, टेकतात, घसरतात.

त्याआधी 1936 मध्ये हीच कला बर्लिनला गेली होती. ऑलिंपिकच्या निमित्ताने चीनने सहा पुरुष आणि तीन स्त्रियांचं वुशूचं पथक प्रात्यक्षिकांसाठी पाठवलं. त्याच बर्लिनला त्याच दिवसांत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही आपले देशी खेळ दाखवत होतं, कबड्डीसुद्धा. दोन्ही पथकं परक्या प्रेक्षकांसमोर उभी होती आणि दोघांपुढे अडचण एकच असणार. कुस्ती दाखवली तर जर्मन माणसाला त्यातलं निम्मं आपलंच वाटणार. डोळ्यांत भरेल असं काहीतरी हवं, म्हणून संच, मनोरे, शस्त्रं, एका तालात पडणारी पावलं. प्रात्यक्षिक म्हटलं की हालचाल मोठी होते, थांबे स्पष्ट होतात, अंग प्रेक्षकाकडे वळतं. कोल्हापुरात शिवजयंतीला दांडपट्टा फिरताना पाहिला असेल त्याला हे सांगायला नको. चौकात फिरणारा पट्टा आणि गर्दीत घुसलेला पट्टा या दोन गोष्टी आहेत. त्यामुळे पहिली खोटी ठरत नाही, फक्त तिचा परीक्षक बदललेला असतो.

चीनमध्ये हा परीक्षक 1959 मध्ये कागदावर उतरला, वुशूच्या स्पर्धेचे पहिले नियम आले तेव्हा. जिम्नॅस्टिक्ससारखे 10 पैकी गुण. आजच्या नियमांत हालचालींच्या शुद्धतेला 5, एकूण सादरीकरणाला 3 आणि अवघड उड्यांना 2. पंच गालिच्याच्या कडेला बसतात. सरळ ठोशात किती जोर होता हे त्यांना मोजता येत नाही. मांडी आडवी आहे की नाही, गुडघा ताठ आहे की नाही, टाच टेकली आहे की नाही, हे दिसतं, म्हणून 0.1 तिथे कापला जातो. धडपडून पडलं तर 0.3. अवघड उड्यांना गुण आले तसे पाय हलके झाले, शस्त्रंही हलकी झाली. स्पर्धेतल्या तलवारीचं पातं इतकं पातळ असतं की झटका दिला की पत्र्यासारखं खडखडतं. सभागृहात तो आवाज छान घुमतो आणि झटक्याला जोर होता असं सांगतो. जुन्या जड तलवारीने हे संच केले तर मनगट पहिल्या मिनिटात बोलेल. हिणवण्यासाठी लिहीत नाही. दीड गिरकी घेऊन घोड्यात न हलता उतरणं ही माणसाच्या शरीराने गाठलेली फार दूरची जागा आहे. छी जिगुआंगने मात्र त्या मुलाला सैन्यात घेतलं नसतं, घेतलं असतं तर आधी वर्षभर भाला हातात दिला असता.

1979 मध्ये सांदाचे प्रयोग सुरू झाले तेव्हा उलटा विचार झाला: शैलींची नावं बाजूला ठेवू, नियम बांधू आणि काय टिकतं ते पाहू. 8 मीटर लांब-रुंद, 80 सेंटीमीटर उंच चौथरा, भोवती गाद्या. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, दोन जिंकणारा विजयी. धडावर लाथ लागली तर 2 गुण, ठोशाला 1, समोरचा पडला आणि तुम्ही उभे राहिलात तर 2. एका फेरीत दोनदा चौथऱ्यावरून खाली गेलात तर ती फेरी गेली. या आकड्यांनीच सांदाची चाल ठरवली. शिकवताना एक वाक्य घोकून घेतात: दूर असेल तर लाथ, जवळ आला तर ठोसा, अंगाला चिकटला तर पाड. मागच्या हाताचा सरळ ठोसा इथे असा असतो: मागच्या पायाचा चवडा जमिनीत घासून आत फिरतो, टाच बाहेर वळते आणि उठते, तिच्याबरोबर खुबा, मग खांदा, मग मूठ. टाच दाबून धरली तर खुबा अर्ध्यावर अडकतो, ठोसा वीतभर आखूड पडतो आणि मांडीवर आलेली लाथ चुकवायला पाय सुटत नाही. बाजूच्या लाथेत तर टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याच्या दिशेला वळवावी लागते, नाहीतर खुबा उघडत नाही. या टाच उचलण्याची किंमतही आहे. लाथ पकडली गेली की एका पायाच्या चवड्यावर उभा असलेला माणूस नुसता ढकलला तरी पडतो. म्हणून चांगले लढवय्ये लाथ मारून पाय परत आणण्याची घाई करतात, आणि पकडणारा त्या क्षणी दोन्ही टाचा टेकवून कंबर खाली सोडतो, कुस्तीत पाय रोवतात तसा. मिठी मारून उभं राहायला पंच दोन सेकंदांपेक्षा जास्त देत नाहीत, तेवढ्यात पाडायचं. भारतात वुशू म्हणून जे पदकांसकट माहीत आहे ते बहुतेक हेच. हांगचौच्या आशियाई खेळांत मणिपूरच्या रोशिबिना देवीने 60 किलो गटात रौप्य मिळवलं ते सांदात.

2017 मध्ये चेंगडूला मिश्र युद्धकलेचा एक प्रशिक्षक आणि ताईचीचा एक शिक्षक यांची लढत झाली आणि ताईचीवाला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पडला, तेव्हा चीनभर गदारोळ उठला. परंपरेचा अपमान इथपासून परंपरेचा भोपळा फुटला इथपर्यंत. पाहण्यासारखं होतं ते ताईचीच्या शिक्षकाचं उभं राहणं. एक हात पुढे लांब, पाय रोवलेले, जणू मनगटाला मनगट लागण्याची वाट पाहणारा. समोरच्याला मनगट लावायचं नव्हतं. तुईशोऊत वर्षानुवर्षं खरी ठरलेली टाच त्याला तिथे सोडून कुठे जाता आलं नाही. त्यावरून ताईची खोटी म्हणणं घाईचं आहे, आणि आमची खरी ताईची वेगळीच असते हे उत्तर त्याहून घाईचं. मार खाण्याचा सराव नसलेल्या कोणत्याही शैलीचं तेच झालं असतं, आणि आठवड्यातून दोनदा मोजे घालून एकमेकांना मारणाऱ्या ताईचीवाल्याचं कदाचित झालं नसतं. गोंगफू, म्हणजे आपण कुंग फू म्हणतो त्या शब्दाचा अर्थ मारामारी असा नाहीच. वेळ देऊन, राबून हाताला आलेली सफाई. चहा करण्यातही गोंगफू असते. आपली तालीम त्याच्या जवळ जाते, घोटून घोटून अंगात मुरवलेली. काय घोटलं तेच मुरतं, न घोटलेलं आयत्या वेळी येत नाही.

परत त्या मुलाकडे. चित्रण मागे नेऊन ती जागा चार-पाच वेळा पाहिली, हळू करून. चूक त्या ठोशात नव्हतीच. घोड्यातून उठून वळताना त्याने पाऊल नेहमीपेक्षा थोडं लांब टाकलं, उडीतून उरलेला वेग अंगात होता म्हणून. अंतर पाच पावलांच्या पुढे गेलं, मागच्या पायाची बोटं आडवी राहिली, कंबर वळली, खुब्याला जागा उरली नाही, टाच उठली. त्याच्या प्रशिक्षकाने हे नक्की पाहिलं असेल. आता तो अंतर अर्ध्या पावलाने कमी करायला सांगेल. अंतर कमी केलं की टाच बसते, पण एवढ्या वेगातून थांबताना आखूड पवित्र्यात मांडी वर राहते, आडवी होत नाही. त्यालाही 0.1 जातो.